खिळ्यावरची मत्सरी दुर्बीण

मित्रांनो, दारामागे छत्रीच्या शेजारी जी काळी दुर्बीण लटकली आहे ना, ती मी. पट्टा विरलेला, रबर सुटत आलेले. एके काळी चेन्नईजवळच्या पळ्ळिकरणैच्या दलदलीत माझ्यावाचून पान हलत नसे. निदान मला तरी तसे वाटे.

नवे शतक नुकतेच लागले होते, तेव्हा चेन्नईच्या बर्मा बाजारात कृष्णकांतांनी मला विकत घेतले. ते मूळचे कराडचे. नोकरी रेल्वेत, एग्मोरच्या कार्यालयात, आणि बिऱ्हाड वेस्ट मांबलमला. लहानपणापासून त्यांना एकच नाद होता. साप, सरडे, घोरपडी आणि पक्षी न्याहाळायचे आणि त्यांचे फोटो काढायचे. शाळा बुडवून ते कृष्णाकाठी कासवांच्या मागे फिरत. दुकानाच्या दारात उभे राहून त्यांनी मला डोळ्यांना लावले आणि समोरच्या तारेवरचा वेडा राघू पाहिला. त्यांचा श्वास क्षणभर थांबला. मला वाटले, आता मी यांची.

ते सुख दिवाळीपर्यंतच टिकले. दिवाळीत घरात कॅमेऱ्याची लांबलचक लेन्स आली. तिच्यासाठी हवाबंद डबा, डब्यात ओल शोषणाऱ्या पुड्या, पुसायला मऊ कापड. मला मात्र खिळा. समुद्राकडची खारट, दमट हवा माझ्या अंगात मुरायची आणि ती बया डब्यात कोरडी ठणठणीत झोपायची. कृष्णकांत फिरायला निघाले की ती त्यांच्या छातीशी असे. माझा नुसता जळफळाट होई.

एके दिवशी कृष्णकांतांच्या पत्नी, प्रमोदिनीबाई, वाळलेले कपडे काढायला गच्चीवर निघाल्या आणि जाताजाता त्यांनी मला गळ्यात घातले. तोवर त्यांना पक्ष्यांतले काही कळत नव्हते. पण त्यांना घाई नसे. एकाच झाडाकडे त्या बघत राहत, आणि मग त्या झाडातून काहीतरी हळूच हलताना दिसे. हळूहळू त्यांनाही गोडी लागली. रविवारी कृष्णकांत त्यांनाही बरोबर नेऊ लागले, आणि मीही निघाले.

असेच एकदा पेरुंगुडीच्या पलीकडे, पळ्ळिकरणैच्या दलदलीच्या बांधावर आम्ही बसलो होतो. कृष्णकांतांनी बगळ्यांवर लेन्स रोखली होती. बाई मला डोळ्यांना लावून भलतीकडेच पाहत होत्या. त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "तिकडे नको. या लव्हाळ्याच्या मुळाशी बघा. ती माती नाही, पक्षी आहे."

तो रंगीत पाणलावा होता, मादी. चिखलात चिखल होऊन बसणारा असा पक्षी कृष्णकांतांनी आयुष्यात टिपला नव्हता. लेन्स वळली, खटखट आवाज झाले, आणि पुढे तो फोटो मोठा होऊन बैठकीच्या खोलीत लागला. खाली नाव, कृष्णकांतांचे.

आल्यागेल्याला ते कौतुकाने सांगत, की या जातीत मादी जास्त देखणी असते, अंडी उबवायला नर बसतो आणि मादी मोकळी हिंडते. ते हे सांगत तेव्हा प्रमोदिनीबाई आत कॉफी करत असत. शेजारच्या अलमेलू मामी तर लेन्सला हात लावून नमस्कारच करायच्या. पाणलावा आधी माझ्या काचेत आला होता, हे कोणाला सांगू?

पुढे महाराष्ट्र मंडळात त्यांच्या फोटोंचे प्रदर्शन भरले. गुरुमूर्ती नावाचे वनखात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ पाणलाव्यासमोर बराच वेळ थांबले आणि त्यांनी विचारले, हा तुम्हाला सापडला तरी कसा? प्रमोदिनीबाई शेजारीच उभ्या होत्या. मी त्यांच्या गळ्यात होते.

कृष्णकांत म्हणाले, "लहानपणापासूनचा सराव आहे. नजर तयार होते."

बाईंनी मला गळ्यातून काढले आणि पिशवीत ठेवले.

पुढच्या रविवारी त्यांनी गुडघ्याचे कारण सांगितले. त्याच्या पुढच्याही. कृष्णकांत पेरुंगुडीतल्या कंपनीतल्या देवेश नावाच्या तरुण इंजिनीयरला घेऊन जाऊ लागले आणि नुसते बगळ्यांचे फोटो घेऊन परत येऊ लागले. लेन्सची फजिती पाहून मला खरे सांगायचे तर फार बरे वाटले. मग एकदा त्यांनी मलाच उचलले. त्याच बांधावर बसून त्यांनी मला डोळ्यांना लावले. समोर होते नव्हते तेवढे सगळे मी दाखवले. त्यांना गवत दिसले, चिखल दिसला. लेन्स मांडीवर तशीच पडून राहिली. देवेश कॅमेरा आवरून निघाला तरी ते उठेनात.

घरी आले तेव्हा प्रमोदिनीबाई पालेभाजी निवडत होत्या. ते त्यांच्यासमोर जमिनीवरच बसले.

"मला तो पाणलावा दिसला नव्हता," ते म्हणाले.

"माहीत आहे."

"मी आयुष्यभर हेच केलं. तू परवा सुरुवात केलीस, आणि तुला दिसतं. मला समोर असून दिसत नाही. हेवा वाटतो गं तुझा. म्हणून त्या दिवशी तुझं नाव तोंडातून निघालं नाही."

मी थक्क झाले. सगळे घर ज्यांचे कौतुक करत होते, ते गृहस्थ आतून माझ्यासारखेच जळत होते.

बाईंनी दोन जुड्या निवडून संपवल्या. मग म्हणाल्या, "हेवा वाटला तर वाटू दे. पण नाव घ्यायचं. चारचौघांत घ्यायचं."

संक्रांतीच्या कार्यक्रमात कृष्णकांत मंडळात उभे राहिले. घाम पुसत, अडखळत त्यांनी सगळे सांगितले. गुरुमूर्तींनी लगेच आपली खुर्ची बाईंकडे वळवली आणि लव्हाळ्यात पक्षी कसा शोधायचा ते विचारू लागले. लोक भोवती जमले. कृष्णकांत एकटेच मागे उरले. त्यांचा चेहरा मी बाईंच्या गळ्यातून पाहिला. हेवा गेला नव्हता. ओठ घट्ट मिटलेले होते. पण बाई उभ्या आहेत हे पाहून त्यांनीच खुर्ची आणून दिली.

त्यानंतर दोघे पुन्हा जोडीने फिरले. गिंडीच्या रानात बाईंनी वेलीसारखा हिरवा हरणटोळ साप दाखवला, तेव्हा कृष्णकांत त्याच्या शेजारूनच पुढे गेले होते. आता फोटोंखाली दोन नावे असतात. माझे नाव अजून कुठेच नाही. माझ्या डाव्या नळीत बुरशी चढली आहे, आणि बाईंना एका डोळ्यानेच पाहावे लागते.

म्हणून मित्रांनो, एवढे करा. घरात जुनी दुर्बीण असेल तर तिच्या काचा मऊ कापडाने पुसा, तिला कोरड्या जागी ठेवा, ओल धरू देऊ नका. आणि तिच्यामुळे काही दिसले, तर कोणामुळे दिसले ते मोठ्याने सांगा. आम्हाला ऐकू येते.