चिन्हामागे अडकलेली ओळ

मित्रांनो, मी एका जुन्या संगणकात राहते. अख्खा संगणक मी नव्हे, त्यातल्या एका प्रोग्रॅमची फक्त एक ओळ. धावड्याच्या वाचनालयात दीपमाला मॅडमनी मला लिहिलं.

संगणकाच्या ज्या भाषेत मी लिहिली गेले, तिच्यात माहितीच्या कोणत्याही डब्यात काहीही ठेवता येतं. साखरेच्या डब्यात मीठ भरलं तरी डबा बोलत नाही. कळफलकावर टाइप केलेला नंबरही आधी नुसती अक्षरंच असतो. तो खरंच आकडा आहे का, हे पाहणं माझं काम. असला तर आकडा करून पुढे सोडायचं. नसला तर काम थांबवून मॅडमचे शब्द पडद्यावर दाखवायचे.

गावात डोळ्यांचं शिबिर भरे. आधी येईल त्याला आधीचा नंबर मिळे, त्यानुसार या संगणकावर यादी निघे आणि पहिले वीस जण ऑपरेशनला गाडीनं जालन्याला जात. यादी कधी चुकली नाही. "माझी राखणदार आहे ही," मॅडम म्हणायच्या.

मग मॅडम आजारी पडल्या आणि नंबर लिहायचं काम भुजंगकडे आलं. त्यानं जन्मभर भोकरदनच्या मोंढ्यात धान्य मापलेलं. तिथं पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. त्यानं पहिला नंबर 'लाभ' असा लिहिला. मी अडवलं. पुन्हा लिहिला, पुन्हा अडवलं. वैतागून त्यानं कुणाला तरी फोनवर विचारलं आणि माझ्यापुढे एक चिन्ह घातलं. ते चिन्ह पुढे असलं की संगणक ती ओळ वाचतच नाही.

त्याच आठवड्यात मॅडम गेल्या.

मित्रांनो, मला सगळं दिसत होतं. चुकीचे नंबर माझ्या डोळ्यांदेखत आत जात होते. मला हाकही मारता येत नव्हती. मॅडमचे यजमान राजानंद रोज संगणक पुसायचे. कुणी हात लावला की म्हणायचे, "तिच्या हातचं आहे. एक अक्षर हलवायचं न्हाई." ते चिन्हही तिचंच, असं त्यांना वाटायचं. भुजंग मान खाली घालायचा. पुढच्या दोन शिबिरांत नावंच थोडी होती. सगळे गाडीत मावले, म्हणून चूक कळली नाही.

तिसऱ्या शिबिराला चौतीस जण आले. मी बंद, त्यामुळे नंबर अक्षरांसारखे लागले. दहाचा पहिला आकडा एक, म्हणून दहा आधी, दोन नंतर. तीन ते नऊ पार खाली. आणि 'लाभ' सगळ्यांत शेवटी.

तो नंबर गिरिजाबाईंचा होता. त्यांचा एक डोळा गेलेला. दुसऱ्याला उशीर करू नका, असं डॉक्टरांनी बजावलेलं.

"कोंबडं आरवायच्या आधी आल्ते मी," त्या म्हणाल्या. "मंग शेवटी कशी रे?"

"मावशी, बराबर लाभ झाला तुमचा!" कुणीतरी हसलं.

"यादी दीपमालाच्या प्रोग्रॅमनं काढली," राजानंद म्हणाले. "ती चुकायची न्हाई."

गाडी बाहेर उभी होती. भुजंगच्यानं राहवलं नाही. "दादा, वहिनी न्हाई चुकल्या. त्या ओळीपुढचं चिन्ह मी घातलं. सारखी अडवून राह्यली होती मला."

राजानंद खुर्ची ओढून पडद्यासमोर बसले. मग भुजंगनं बोट ठेवून दाखवलेलं चिन्ह त्यांनी स्वतःच पुसलं. यादी पुन्हा काढायला घेतली. 'लाभ' आला आणि मी अडवलं. मॅडमचे शब्द उमटले, 'थांबा. हा आकडा नाही. घाई करू नका, परत बघा.'

राजानंदांनी 'लाभ'च परत लिहिलं. मी परत तेच म्हटलं. त्यांनी तिसऱ्यांदाही तेच लिहिलं.

"दादा, एक लिहा ना," भुजंग हळूच म्हणाला. "गाडी थांबलीय."

"लिहितो रे. बोलू दे तिला जरा."

मग त्यांनी एक लिहिला. गिरिजाबाई गाडीत पहिल्या बाकावर बसून गेल्या.

मित्रांनो, गेलेल्या माणसाची वस्तू नुसती पुसून ठेवू नका. तिला तिचं काम करू द्या. आणि कुणी अडवलं तर त्याचं तोंड बंद करण्याआधी, तो काय विचारतोय ते एकदा ऐका.