कोरड्या विहिरीत बुडालेला माणूस

मित्रांनो, मी एक जुना डायटम आहे. म्हणजे पाण्यातलं शेवाळच, पण डोळ्यांना न दिसणारं आणि अंगावर काचेसारखं कवच असलेलं. माझं नाव ऐकून तुम्ही नाक मुरडाल. खुशाल मुरडा. माणसांबद्दल माझंही मत फारसं बरं नाही.

माझा जन्म मुरुडजवळच्या एका गावात, किशनरावांच्या विहिरीत झाला. लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि पावसाने दडी मारली होती. पाणी असलेल्या खासगी विहिरी सरकार गावासाठी ताब्यात घेत होतं. म्हणून या थोर गृहस्थांनी विहिरीवर फळ्या टाकून वर कडबा रचला आणि साहेबांपुढे हात जोडले. "आमची हीर कवाच आटली, साहेब." गावातल्या बाया घागरभर पाण्यासाठी रानोमाळ फिरत होत्या.

एकदा विहिरीत पडलेली घागर काढायला त्यांचा सालगडी व्यंकटी याने बुडी मारली. कपारीत अडकून तो बुडाला. नाकातोंडात शिरलेल्या पाण्याबरोबर मी त्याच्या छातीत गेलो, तिथून रक्तात, आणि काळीज थांबायच्या आत मांडीच्या हाडात पोचलो. आरडाओरडा केला तर विहीर उघडी पडणार, एवढंच किशनरावांना सुचलं. घरच्यांना हाताशी धरून त्यांनी प्रेताचे कपडे बदलले, वर दारू शिंपडली आणि ते गावाच्या कोरड्या विहिरीत टाकून दिलं.

"पिऊन पडला," असं म्हणून पोलीस जमादार मोकळे झाले. गावानेही माना डोलावल्या. व्यंकटीची बायको सिंधु तेवढी म्हणत राहिली, "आमचे ह्ये दारूला कदी शिवले न्हाईत." तिचं कोण ऐकतो?

सरकारी दवाखान्यातल्या उमादेवी डॉक्टरीणबाईंना प्रेताच्या नाकाशी, बुडालेल्याला येतो तसा, फेस दिसला. त्यांनी मांडीचं हाड प्रयोगशाळेत पाठवलं. तिथे तेजाबात हाड विरघळलं, माझं कवच विरघळलं नाही. सूक्ष्मदर्शकाखाली मी आणि माझी भावंडं दिसलो.

"हा माणूस पाण्यात बुडून मेलाय, जमादार. तुमच्या त्या विहिरीत पाणी आहे?"

"घोटभर बी न्हाई, बाई."

"मग जिथं आहे ती विहीर शोधा."

सालगड्याच्या मालकाकडेच आधी शोध झाला. कडबा हलला, फळ्या निघाल्या. त्या पाण्यात माझंच गणगोत निघालं; दर विहिरीत आमचं गोत निराळं असतं. तरी किशनराव म्हणाले, "पाणी समदीकडं सारखंच की, साहेब." इतकी वर्षं आमच्याच पाण्यावर जगलेला माणूस, आणि अक्कल एवढीच.

किशनराव तुरुंगात गेले. विहीर गावाला मिळाली. काचपट्टीवर चिकटून मीही कोर्टात होतो. निकालानंतर डॉक्टरीणबाईंनी सिंधुला विचारलं, "आता पाणी जवळ झालं ना गं?"

"गावाला झालं, बाई. मी लांबूनच आणते. त्या हिरीचं माज्या घशाखाली उतरंना."

मित्रांनो, पाणी जपा, असं तुमचे गुरुजी सांगतात. जपा की. किशनरावांइतकं मात्र जपू नका.