वाचनालयामागच्या टेलिफोनची कैफियत

मित्रांनो, मला पाहिलंत तर आधी तुम्ही हसाल. मी एक जुना टेलिफोन आहे. काळा, जाडजूड, पोटावर आकड्यांची गोल तबकडी असलेला. मी खिशात मावत नाही, फोटो काढत नाही, गाणी वाजवत नाही. अंगाला एक वायर आणि ती भिंतीत गेलेली, त्यामुळे फिरायचं नावच नको.

माझा जन्म कारखान्यातला. तिथे एका बाईने माझ्यात घंटा बसवली, ती नीट वाजते का ते पाहिलं आणि मला खोक्यात भरलं. तिथून मी थेट या गावच्या पोस्टात आलो. तेव्हा माझा काय रुबाब होता म्हणून सांगू! मला हात लावण्याआधी लोक घसा खाकरायचे. कोणाला नोकरी लागली, कोणाला मूल झालं, कोण देवाघरी गेलं, सगळं आधी माझ्या कानावर. लोक बोलायचे तेही असे बेंबीच्या देठापासून ओरडून, की पलीकडच्या माणसाला माझी गरजच पडू नये. मग मोबाइल आले आणि माझी रवानगी वाचनालयाच्या मागच्या खोलीत झाली. मोडक्या खुर्च्यांशेजारी मी धूळ खात पडलो. वाईट वाटलं, उगाच खोटं कशाला बोलू?

पुढे गावावर एक वाईट वर्ष आलं. त्या वर्षात गावातल्या तीन तरुण मुलांनी आपलं आयुष्य संपवलं. तिसरा होता शिवणकाकूंचा मुलगा. शिवणकाकू वाचनालयासमोर राहतात, अर्ध्या गावाचे कपडे शिवतात. तोंडाने फटकळ, पण मनात काही नाही. मुलगा गेल्यावर त्यांच्या मशीनचा आवाज कितीतरी दिवस आला नाही.

वाचनालयात गावाची सभा भरली. भिंतीपलीकडून मी सगळं ऐकत होतो. कोणी म्हणालं, व्याख्यान ठेवू. कोणी म्हणालं, व्यायामशाळा काढू. शिवणकाकू उठल्या आणि म्हणाल्या, "माझ्या पोराला कोणाशी तरी बोलायचं होतं. मी आई, मला कसं सांगणार? दुसरं कोणीतरी हवं होतं."

मदतीसाठी फोन ठेवायचं ठरलं, पण मोबाइलला दवाखान्यातल्या नर्सताईंनी नकार दिला. "इथे ज्याच्या त्याच्या मोबाइलमध्ये ज्याचा त्याचा नंबर आहे," त्या म्हणाल्या. "नाव दिसणार म्हटल्यावर एकही पोर फोन करायचं नाही." तेव्हा कोणाला तरी माझी आठवण झाली. या जुन्या डब्यावर नंबर दिसतच नाही की! ज्या उणिवेमुळे मला अडगळीत टाकलं होतं, तिच्यामुळेच मला बाहेर काढलं. काकूंनी मला स्वतःच्या पदराने पुसलं. माझा नंबर शाळेत, बसथांब्यावर, सलूनच्या आरशावर चिकटवला गेला. रोज संध्याकाळी एकेकाने बसायचं ठरलं: नर्सताई, निवृत्त हेडमास्तर, सलूनवाले दादा आणि शिवणकाकू.

नर्सताईंनी सगळ्यांना शिकवलं. नाव विचारायचं नाही, उपदेश करायचा नाही, ऐकायचं. मरावंसं वाटतं का, हे सरळ विचारायचं. विचारल्याने ते कोणाच्या डोक्यात शिरत नाही. जिवाला धोका वाटला तर मदत बोलवायचीच, पण त्या मुलाला सांगून, त्याला सोबत घेऊन.

सगळ्यांनी माना डोलावल्या. पण या गावाची एक सवय आहे. मूल दिसलं की पहिला प्रश्न, "कोणाचा रे तू?" हा प्रश्न प्रेमानेच विचारतात हो. सलूनवाल्या दादांनी पहिल्याच फोनवर तो विचारला आणि पलीकडून फोन खाली ठेवल्याचा आवाज आला. दादांनी जीभ चावली. हेडमास्तरांची गोष्ट आणखी वेगळी. त्यांनी गावाच्या दोन पिढ्या शिकवलेल्या, त्यांना नुसत्या खोकल्यावरून मूल ओळखू यायचं.

काकूंच्या पाळीला मात्र एक मुलगी फोन करू लागली. ती कुजबुजत बोलायची, इतकं हळू की माझाही कान ताणला जायचा. काकूंनी तिला कधी ओळख विचारली नाही.

"काकू, आज काय शिवताय?"

"शाळेचे गणवेश गं. बटणं लावून लावून बोटांची चाळण झालीय. तू येतेस का लावायला?"

ती थोडी हसली. मग म्हणाली, "मला सकाळी उठावंसंच वाटत नाही."

काकूंनी खुर्ची माझ्याजवळ ओढली. "मरावंसं वाटतं का गं तुला?"

तिकडे दार लोटल्याचा आवाज आला. मग, "कधीकधी."

"सांगितलंस ते फार बरं केलंस. आपण दोघी नर्सताईंकडे जाऊ या? मी बसेन तुझ्याशेजारी."

"आत्ता नाही. पण मी पुन्हा फोन करीन."

आणि ती करायची. काकू प्रत्येक वेळी विचारायच्या, जाऊ या का? आणि एके दिवशी ती म्हणाली, "पुढच्या आठवड्यात बघू." त्या दिवशी घरी जाताना काकू काहीतरी गुणगुणत होत्या. त्यांचा मुलगा गेल्यापासून मी ते पहिल्यांदाच ऐकलं.

त्याच आठवड्यात हेडमास्तरांच्या पाळीला लोहाराच्या मुलाचा फोन आला. त्यांनी आवाज लगेच ओळखला. त्याला काही बोलले नाहीत, पण फोन ठेवला आणि तडक लोहाराकडे गेले. भर दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर सांगितलं, "पोराकडे जरा लक्ष दे बाबा, तो असं असं म्हणतोय." मनात फक्त काळजी होती. पण लोहाराला ती बेअब्रू वाटली आणि त्याने पोराला फैलावर घेतलं. नर्सताईंनी धावत जाऊन त्या मुलाला सावरलं, डॉक्टरांकडे नेलं, आणि तो वाचला. पण वाचनालयात बोललेलं घरी कळतं, ही बातमी अंधार पडायच्या आत गावभर झाली.

मुलीचा पुढचा फोन अगदी छोटा होता.

"काकू, तुम्ही पण सांगाल का?"

"नाही गं बाई. तुला विचारल्याशिवाय कोणालाच नाही."

तिने फोन ठेवला. त्यानंतर मी वाजलोच नाही. एक महिना, दोन महिने, कोणाचाच फोन नाही. काकू स्वतःची पाळी नसली तरी येऊन बसायच्या. मधेच रिसीव्हर उचलून बघायच्या, माझी लाइन चालू आहे ना.

आणि मित्रांनो, गावाने याचा काय अर्थ काढावा? फोन येत नाहीत, म्हणजे मुलं सुखी आहेत! पुन्हा सभा भरली. भाषणं झाली, टाळ्या वाजल्या, मला टेबलावर मधोमध ठेवून फोटो काढले. काकू म्हणाल्या, "अहो, मुलं गप्प झालीत. गप्प होणं म्हणजे बरं होणं नव्हे." कोणीतरी हळूच म्हणालं, बिचारीचं दुःख अजून ताजं आहे. खोलीला कुलूप लागलं. किल्ली हेडमास्तरांकडे गेली.

एका संध्याकाळी मी वाजलो.

मी जिवाच्या आकांताने वाजलो. मला तेवढंच येतं. माझा रिसीव्हर मला स्वतःला उचलता येत नाही. समोरच्या घरात मशीन थांबलं आणि काकूंची पावलं धावत आली. कुलूप खडखडलं. "थांब गं, ठेवू नकोस," त्या दाराशी तोंड लावून सांगत होत्या, जणू तिला ते ऐकू जाणार होतं. त्या हेडमास्तरांच्या घराकडे पळाल्या. ते बाहेरगावी गेले होते. परत येऊन त्यांनी दगडाने कुलूप फोडलं, तोवर मी गप्प झालो होतो. त्यांनी रिसीव्हर कानाला लावला. आत नुसती लाइनची घरघर. कुठल्या घराकडे धावायचं, तेही त्यांना माहीत नव्हतं.

सकाळी कळलं. डेअरीवाल्याची थोरली मुलगी गेली. तिचे गणवेश लहानपणापासून काकूच शिवत आलेल्या, पण ती कुजबूज त्यांना ओळखू आली नव्हती. तो फोन तिचाच होता का? माझ्यावर नंबर दिसत नाही, मी काय सांगणार? पण ती कुजबूज पुन्हा आली नाही. काकू त्या दिवशी माझ्यासमोर बसून राहिल्या. रडल्याही नाहीत. "तेव्हा आणखी एक आठवडा मिळायला हवा होता," एवढंच त्या म्हणाल्या.

आता खोलीला कुलूप नाही. हेडमास्तर न चुकता येऊन बसतात. काकू रोज बसतात. पण फोन कोणी करत नाही. एकदा उडालेला विश्वास टाळ्या वाजवून परत येत नाही. मी शांत असतो, आणि ही शांतता मला खायला उठते.

मोठ्यांना मला एवढंच सांगायचंय की मूल काही बोलत नाही म्हणून उठून जाऊ नका. आणि मित्रांनो, तुम्हाला जगणं नको झालं, तर वाटल्यास नाव सांगू नका, रडा, नुसतं गप्प बसा, पण मला वाजवा. मी नाही तर शेजारच्या काकूंचं दार वाजवा, शाळेतल्या बाईंना सांगा, मित्राचा हात धरा. एकाने ऐकलं नाही, एकाने चूक केली, तर दुसऱ्याकडे जा, तिसऱ्याकडे जा. आम्ही मोठे फार चुकतो रे. तरीही वाजवत राहा.