उलटं कार्ड

तिनं ‘उद्धट’ या शब्दाचं कार्ड उलटं केलं आणि संपादकांच्या टेबलावर, चष्म्याच्या घराशेजारी ठेवून दिलं.

शब्दकोशाच्या कचेरीतली ही जुनी रीत. एखादा अर्थ पटला नाही, तर तिथल्या तिथे हुज्जत घालायची नाही. कार्ड उलटं ठेवायचं. मग दुपारच्या चहाला, ज्यानं अर्थ लिहिला त्यानं उभं राहून उत्तर द्यायचं, आणि समोरच्याचं समाधान होईपर्यंत बसायचं नाही. रीत खुद्द संपादकांनीच घातलेली. त्यांचं स्वतःचं कार्ड उलटं करायची मात्र आजवर कोणाची छाती झाली नव्हती.

शेजारच्या लेखनिककाकांनी कपाळाला हात लावला.

“अगं, तुझी उमेदवारी आज संपतेय. ठेवायचं की नाही ते आजच ठरवणार ते. आजच बरा मुहूर्त सापडला तुला!”

ही नोकरी तिला मनापासून हवी होती. दिवसभर शब्दांशी झगडण्याचा पगार दुसरं कोण देणार? पण अर्थ पटला नव्हता, त्याला ती तरी काय करणार.

चहा आला. संपादक गुडघ्यांवर हात टेकून सावकाश उभे राहिले. कोणीच कप उचलेना.

“वडीलधाऱ्यांचा मान न राखणारा,” त्यांनी वाचलं. “काय चुकलं यात?”

“सर, शब्द आलाय संस्कृतातल्या ‘उद्धत’वरून. म्हणजे वर उचललेला. त्यात वडीलधारे कुठेच नाहीत. आणि धाकट्यांशीही माणूस उद्धटपणे वागतोच की.”

“मग वडीलधारे आले कुठून?”

“वडीलधाऱ्यांनीच घातले असतील.”

काकांना ठसका लागला. तिनं जीभ चावली, पण बोलून तर झालं होतं.

संपादकांनी पेन काढलं, ‘वडीलधाऱ्यांचा’ खोडून वर ‘दुसऱ्याचा’ लिहिलं. मग मागच्या कपाटातला कार्डांनी गच्च भरलेला एक खण ओढून काढला आणि तिच्यापुढे ठेवला.

“ही सगळी माझी. इतक्या वर्षांत एकही उलटं झालं नाही. मला वाटायचं, मी चुकतच नाही.”

“सगळी तपासायची?”

“आज कुठे? सोमवारी जरा लवकर ये.” ते थांबले. “आणि आता मला बस म्हण बाई, गुडघे दुखताहेत.”