मुद्दाम चुकवलेली परीक्षा

ओरेन हनाट्युकने त्या सकाळी पुन्हा इंजिनाची वायर न काढताच ट्रक बाहेर काढला. कॅनडातल्या रेजायनाच्या थंडीत इंजिन गोठू नये म्हणून रात्री ही विजेची वायर लावायला कुणी विसरत नाही आणि सकाळी काढायलाही विसरत नाही. ती तटकन तुटली आणि बर्फावरून फरफटत निघाली. त्याची बायको कॉरीन तशीच अनवाणी दारात धावली.

"अरे ओरेन, थांब! या आठवड्यातली ही दुसरी वायर!"

"झोप नीट झाली नाही गं."

"झोपेचं नाव पुढे करू नकोस. डोक्याला तो दणका बसल्यापासून तू असाच करतोयस."

"डॉक्टरांनी चाचणी घेतली, मी पास झालो. आता आणखी काय हवं तुला?"

कॉरीन तशीच आत वळली. पास झालेल्या माणसाशी वाद तरी काय घालणार?

पण मंडळी, हे पास होणं कसलं ते ऐका! हंगामाआधी प्रत्येक खेळाडूच्या स्मरणशक्तीची चाचणी होते. पुढे डोक्याला मार बसला की तीच पुन्हा घ्यायची. निकाल जुळला की गडी मैदानात. मग हे दीडशहाणे काय करतात? पहिलीच चाचणी मुद्दाम बिघडवतात! आठवत असून आठवत नाही म्हणायचं, बटण उशिरा दाबायचं. पुढे डोकं खरोखर बिघडलं तरी कुणाला पत्ता लागायला नको! ओरेनने दर वर्षी हेच केलं होतं. हातात चेंडू घेऊन धावायच्या कॅनडाच्या फुटबॉलमधला तो लाइनबॅकर. चेंडू घेऊन सुसाट येणाऱ्याला अंगावर घेऊन आडवं करायचं, हे त्याचं काम. बाहेर बसलं की जागा दुसऱ्याची होते, ही धास्ती कायमची. आणि रविवारी उपांत्य सामना होता.

दुपारी तो कॉरीनने दिलेला डबा घेऊन डेल मॅक्रिमनकडे गेला. डेल त्याच्याआधी याच जागेवर खेळायचा. दार डेलच्या बायकोने, लॉरेनने उघडलं. डेल खिडकीशी बसला होता. ओरेनला पाहून त्याने हळूच जवळ बोलावलं.

"नवा दिसतोस. चाचणीत मुद्दाम चुकायचं बरं का! आणि त्या नर्सला सांगू नकोस."

नर्स म्हणजे लॉरेन.

ओरेन हसला, पण ते हसू त्याच्या तोंडावरच विरलं. ही युक्ती त्याला डेलनेच शिकवली होती, अगदी याच शब्दांत.

"संसार विसरला, पण ती युक्ती नाही विसरला," लॉरेन म्हणाली. "तुम्हाला वाटतं, डॉक्टरला गंडवलं. अरे, डॉक्टर संध्याकाळी आपल्या घरी जातो. फसते ती घरची! याच्या अजूनही चाचण्या होतात, ओरेन. आता याला मुद्दाम चुकावं लागत नाही."

विषय बदलावा म्हणून तिने विचारलं, "डब्यात काय पाठवलंय कॉरीनने?"

त्याने तोंड उघडलं. सकाळी त्यानेच तर कॉरीनबरोबर बसून... काय भरलं होतं? आठवेना! डबा हातात, झाकण डोळ्यांसमोर, आणि आठवेना!

देवा! मोठ्या देहाचा तो माणूस डबा लॉरेनच्या हातात कोंबून बाहेर पडला.

तिथून तो थेट डॉक्टरांकडे गेला. "माझी हंगामाआधीची चाचणी खोटी होती," तो म्हणाला. डॉक्टरांनी पुन्हा चाचणी घेतली. या वेळी ओरेनने जीव तोडून बरोबर उत्तरं द्यायचा प्रयत्न केला. निकाल आला तो त्या खोट्या निकालाइतकाच वाईट.

"रविवार तोंडावर आल्यावर बरा खरेपणा सुचला तुला!" प्रशिक्षक ओरडले. ओरेनने सगळ्या खेळाडूंसमोर ती युक्ती उघड केली आणि संघाच्या कपडे बदलायच्या खोलीतली आपली खुंटी रिकामी केली. रविवारी संघ हरला. दुकानात ओळखीच्या माणसांनी त्याच्याकडे पाठ फिरवली. त्याचं डोकं अजून दुखतं. रोज सकाळी कॉरीन वायर काढते आणि मगच किल्ली त्याच्या हातात देते.

मंडळी, दुखणं लपवून खेळणाऱ्याला वीर म्हणणारे कोण? आपणच! बाहेर बसणाऱ्याला भित्रा म्हणणारेही आपणच! दुखतंय म्हणणाऱ्यासाठी टाळी वाजवायला आपण शिकलो, तरच असा एखादा ओरेन आपल्या बायकोला शेवटपर्यंत नावाने हाक मारू शकेल.