सुई डोळ्यात असताना

मित्रांनो, मी एक जुनी सुई आहे, पण कापड शिवणाऱ्यांच्या कुळातली नव्हे. मला नेढे नाही. मोतीबिंदू झालेल्या डोळ्यात हळूच शिरायचे आणि बाहुलीमागचा पांढरा पडदा खाली ढकलायचा, एवढेच माझे काम होते. मोसुल शहरात, दजला नदीच्या काठी एका तांबटाने मला घडवले. टोक त्याने फार धारदार ठेवले नाही. "हिला टोचायचं कमी, ढकलायचं जास्त," असे म्हणून त्याने मला उस्ताद हय्यान यांच्या हाती दिले.

उस्ताद डोळ्यांचे वैद्य होते. हात निष्णात, पण जिभेला विश्रांती नाही. काम संपले, की पट्टी बांधता बांधता ते रोग्याला विचारायचे, "सुई आत होती तेव्हा काय दिसलं?"

एक उंटवाला म्हणाला, "नदीत बुडी मारून वर बघावं तसं." सराईत रोट्या भाजणारी एक भटियारीण म्हणाली, "तुम्ही दिसलात. घामाघूम झाला होतात." बरेच जण मात्र म्हणायचे, "जीव मुठीत धरून बसलो होतो, उस्ताद. बघतो कशाला?"

उस्तादांचे समाधान होत नसे. इतके डोळे उघडले, पण त्या क्षणी आतून कसे दिसते हे आपल्याला ठाऊक नाही, याची त्यांना रुखरुख होती. मलाही होती. मी तर प्रत्यक्ष आत जात असे, पण मला कुठे डोळे होते?

मग एके सकाळी उस्तादांनी दवाखान्यातल्या खांबाला रोगी समजून सलाम केला आणि "बसा" म्हटले. त्यांची मुलगी लुबाना औषध कुटत होती. तिचा हात थांबला.

उस्तादांचा शिष्य सर्जून धावत आला. उस्तादांच्याही दोन्ही डोळ्यांत आता तोच पांढरा पडदा होता. त्याने आळीपाळीने एकेक डोळा झाकला आणि दुसऱ्याची बाहुली मोठी होते का ते पाहिले. उजवी झाली. डावी हलली नाही. त्याने तसे सांगितले.

"डावा गेला म्हणायचा," उस्ताद शांतपणे म्हणाले. "उजव्याला आशा आहे. कधी करतोस?"

"माझ्याने नाही व्हायचं, उस्ताद. एकच डोळा उरलाय. बगदादहून कुणाला तरी बोलावतो."

"बगदादचा माणूस कुठे चुकतो ते मला ठाऊक नाही. तू कुठे चुकतोस ते ठाऊक आहे. तू सुई घाईने काढतोस. शिवाय तो मला बोलू देणार नाही."

उस्ताद उजेडाकडे तोंड करून गादीवर बसले. लुबानाने मागून त्यांचे डोके छातीशी घट्ट धरले. सर्जूनने मला दोनदा पुसून हाती धरले. मी आत शिरले, तसा उस्तादांनी श्वास रोखला आणि लगेच बोलायला सुरुवात केली.

"टोचलं. सगळं दुधासारखं आहे. आता एक काळी सावली आली. ही सुईच असणार."

"अब्बा, बोलू नका. मान हलेल."

"मान तू धरली आहेस. मी फक्त तोंड हलवतोय. सर्जून, दूध वरून फाटतंय. उजेड आला!"

सर्जूनने सुटकेचा श्वास टाकला आणि मला मागे घेऊ लागला. तेवढ्यात पडदा पुन्हा वर तरंगला.

"परत दूध," उस्ताद म्हणाले. त्यांचा आवाज प्रथमच बारीक झाला होता.

सर्जूनने मला आतच थोपवले, पडदा पुन्हा खाली नेला आणि तिथेच दाबून धरला.

"आता काढू का?" शेवटी त्याने विचारले.

"मला काय विचारतोस? पडदा तुझ्या हातात आहे."

सर्जून आणखी थांबला. मग त्याने मला अलगद, फिरवत फिरवत बाहेर काढले. पडदा वर आला नाही.

"तुझी दाढी दिसतेय," उस्ताद म्हणाले. "तू रडतोयस का रे?"

"घाम आहे, उस्ताद."

"मग ठीक."

पुढे कित्येक दिवस ते पट्टी बांधून उताणे पडून होते. खोकायचे नाही, शिंकायचे नाही. "आयुष्यभर दुसऱ्यांना निजवलंत, आता भोगा," असे म्हणत लुबाना त्यांना पातळ पेज भरवी. पट्टी सुटली तेव्हा ते बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिले.

"तुझे केस कधी पांढरे झाले, पोरी?"

"तुम्ही बघत नव्हतात तेव्हा."

बारीक अक्षरे काही त्यांना पुन्हा दिसली नाहीत. मलाही त्यांनी पुन्हा हाती धरले नाही. मी सर्जूनची झाले. पण उस्ताद रोज येत आणि रोग्याजवळ बसत. दोनदा भिऊन उठून गेलेली एक कुंभारीण तिसऱ्यांदा आली, तेव्हा ते तिला म्हणाले, "आधी काट्यासारखं टोचेल. मग काळी सावली येईल. भिऊ नकोस, ती सुईची आहे. मग दूध फाटेल."

"आणि मग?"

"मग माझा हा शिष्य दिसेल. दिसायला बरा नाही, तेवढी मनाची तयारी ठेव. हसायचं ते आत्ताच हसून घे."

ती हसली. आणि मग अशी निश्चल बसली, की सर्जूनच्या हातालाही धीर आला.

मित्रांनो, आता माझ्यावर हिरवे कीट चढले आहे. मला कुणी घासले नाही तरी चालेल. पण कुणाच्या दुखऱ्या जागी हात लावायची वेळ आली, तर आधी त्याच्याजवळ बसा आणि आता काय होणार आहे ते त्याला सांगा.