मामाच्या तीन शिंका

"एक," बाजी धुमाळांनी मोजलं. "दोन. तीन. झाल्या. आता दाब बटन."

मोटरघराच्या अंधारातून नुकताच उन्हात आलेला कुंडलिक डोळे पुसत उभा होता. त्याने फडक्याने नाक चोळलं आणि भिंतीवरच्या स्टार्टरचं हिरवं बटण दाबलं. मोटर घुरघुरली, भाटघरच्या फुगवट्याचं पाणी पाइपातून चढून हौदात कोसळलं आणि बाजींचा चेहरा उजळला. धरणाच्या काठाला एक समजूतच होती, की कुंडलिक शिंकून बटण दाबतो ती मोटर दोन हंगाम तरी बघावी लागत नाही.

सावलीतून एकदम उन्हात आलं की कुंडलिकला शिंका यायच्या. मोजून तीन. त्याचा बाप गेनबाही तीनच शिंकायचा, आणि आजाही, असं म्हणतात. एकदा भोरच्या डॉक्टरांनी नाकात बॅटरी मारून तपासलं आणि ते हसले. म्हणाले, "हा आजार नाही हो. तुमच्या घराण्यात डोळ्याला उजेड लागला की नाक त्याच्या मदतीला धावतं. शेजारधर्म म्हणा." औषध दिलं नाही, फीही घेतली नाही. तीन झाल्या की मात्र पुढचा काही वेळ त्याला सूर्याचं भय नसायचं. खुशाल वर तोंड करून बघावं.

मोटरीच्या कामात हे सगळं खपून गेलं. लग्नकार्याचं तसं नव्हतं. घरातून निघताना कुणी शिंकलं की आमच्याकडे माणसं पुन्हा खाली टेकतात, घोटभर पाणी पितात आणि मग उठतात. इतरांच्या कामात माशी शिंकते, कुंडलिकच्या भावकीत तो स्वतःच शिंकायचा. दोन-चार वऱ्हाडं त्याच्यापायी खाली टेकली, तेव्हा त्याने स्वतःला एक शिस्त लावून घेतली. कुणी कामाला निघालं, की आपण आत. बायकोला तिच्या भावाने जीपमध्ये घालून पुण्याच्या दवाखान्यात नेलं त्या दिवशीही तो दाराआड उभा राहिला, तिच्या वाटेला अपशकुन नको म्हणून. मागच्या एसटीने तो गेला, पण पोचेपर्यंत ती उरली नव्हती. निघताना तिने मागे वळून पाहिलं होतं की नाही, हे सहा वर्षांनंतरही त्याला ठाऊक नाही.

पोरबाळ नव्हतं. होती ती बहिणीची लेक, वैष्णवी. लहानपणी मार्गासनीहून सुट्टीला यायची आणि अंगणात पाऊल टाकलं की शिंकायची. तीनदा. कुंडलिकला त्या शिंका ऐकून असा आनंद व्हायचा की विचारू नका. शाळेतली पोरं चिडवतात म्हणून ती एकदा रडली, तेव्हा त्याने तिला परसात नेलं आणि सूर्याकडे तोंड करायला लावलं.

"हां, आता येऊ दे. येक, दोन, तीन. उरकल्या. आता जा पोरांत, कुनाच्या बापाला कळायचं न्हाई."

त्या वैष्णवीचं लग्न चार दिवसांवर आलं होतं. बाजींच्या मळ्यातून कुंडलिक घरी आला, तर बहीण अंबूबाई ओट्यावर बसलेली. हातात पत्रिका, पण डोळे जमिनीला.

"साडी आनलीय," कुंडलिक आधीच म्हणाला. "भोरातनं. पिवळीधमक. मामाची म्हनल्यावर काय साधी आनू व्हय?"

"दादा," अंबूबाई म्हणाली, "साडी दे. पन मामा म्हनून आनंदराव हुभा ऱ्हाईल."

आनंदराव त्यांचा चुलतभाऊ. घरातून नवरीचा दंड धरून तिला मांडवात आणायची ती मामाने, आणि अक्षता पडेपर्यंत तिच्यामागे उभं राहायचं तेही मामाने. या एका कामासाठी त्याने तीन वर्षांपूर्वीच एक फेटा घेऊन ठेवला होता.

"मांडवात कुठं ऊन असतं गं?"

"घर आन् मांडव, मदी आंगन उघडं हाय. आन् तुला सुपारी फुटल्याचा दिस ठावं हाय."

ठाऊक नसायला काय झालं. पालीची नवऱ्याकडची मंडळी सुपारी फोडून निघाली होती, कुंडलिक त्यांना वाट दाखवायला म्हणून पुढे झाला आणि उंबऱ्याबाहेर तीनदा शिंकला. नवऱ्या मुलाची आजी ठकुबाई तिथल्या तिथे पायरीवर बसली. पाणी मागवलं, अर्धा तास उठली नाही. उठताना तिने अंबूबाईला विचारलं होतं, "पोरीला न्हाई ना असलं काय?"

"म्या न्हाई म्हनलं, दादा," अंबूबाई आता म्हणाली. "तोंडावर खोटं बोलले. म्या सोता पंचवीस वरीस पदराआड शिंकतीया, मान वर करून आभाळ बघितलं न्हाई. माज्या सासूनं मला काय काय ऐकवलं त्ये तुला ठावं हाय. पोरीच्या वाट्याला त्ये नगं. तू तिथं शिंकलास, की ती म्हातारी परत इचारनार."

आपलेच दात, आपलेच ओठ. कुंडलिकला राग आला होता, आणि बहिणीची कीवही आली होती. त्याने आत जाऊन साडी आणली, तिच्या मांडीवर ठेवली.

"येऊ का नगं?"

"येड्यावानी बोलू नगंस. ये. पन सैपाकाकडं थांब."

लग्नाच्या दिवशी कुंडलिक फेटा पिशवीतच ठेवून मागच्या पत्र्याखाली भाताच्या पातेल्यांपाशी बसला. मुहूर्त जवळ आला, वाजंत्री सुरू झाली आणि परसदारी पिवळी साडी दिसली. वैष्णवीने मुंडावळ्या बाजूला केल्या, उन्हाकडे तोंड केलं आणि सनईच्या आवाजात भराभर तीन शिंका उरकल्या. वळली तर समोर मामा.

"मामा, तुमी हितं का? मला आनायला आनंदमामा का आलाय?"

"भात करपंल म्हनून बसलोय."

"आचारी हायेत की."

"त्यास्नी काय कळतंय? जा बाई, मुहूर्त चालला."

ती उभीच राहिली. तिला सगळं कळलं होतं, हे कुंडलिकला दिसत होतं. मग आतून कुणीतरी हाक मारली, आणि ती गेली. मंगलाष्टकं त्याने पातेल्यांपाशी उभं राहून ऐकली आणि मूठभर अक्षता पत्र्याकडे उडवल्या. त्यातल्या काही भातातच पडल्या असतील.

साडेचारला पाठवणी निघाली. पालीचा रस्ता पश्चिमेला, आणि ऊन त्या वेळी डोंगरावरून सरळ मांडवाच्या तोंडाशी उतरलेलं. कुंडलिक स्वयंपाकाच्या कनातीच्या फटीतून बघत होता. वैष्णवी आईच्या गळ्यात पडून रडत होती, आणि रडता रडताच दोघी मांडवाच्या कडेपर्यंत आल्या. पोरीने उरकल्या नव्हत्या. दुपारपासून ती मांडवात बसून होती. रडण्याच्या भरात तिला आठवण कुठून राहणार?

गाडीचं दार उघडून ठकुबाई समोरच उभी होती.

वैष्णवीने सावलीबाहेर पाऊल टाकलं. तिने मान वर केली, डोळे मिटले, आणि वरचा ओठ थरथरला. ती थरथर कुंडलिक जन्मभर ओळखून होता. तिथून पहिल्या शिंकेपर्यंत दोन श्वासांचा वेळ. त्याने कनात उचलली आणि तो धावला, पन्नास वर्षांचा, हाताला भाताची शितं लागलेला, बिनफेट्याचा माणूस. थेट उन्हात, भाचीच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला आणि सूर्याकडे डोळे वटारून बघितलं.

तीन शिंका आल्या. आजवर दाबून ठेवलेलं सगळं बाहेर पडावं इतक्या मोठ्याने. त्याच्या पाठीमागे पदरात तोंड खुपसून आणखी कुणी शिंकलं असेल, तर ते कुणाला ऐकू आल्यासारखं दिसलं नाही.

वाजंत्री थांबली. अंबूबाईचा चेहरा पांढराफटक पडला.

"कोन शिंकलं?" ठकुबाईने विचारलं.

"म्या," कुंडलिक म्हणाला. "नवरीचा मामा. मलाच खोड हाय ती, आज्जी. माजं चुकलं. बसा वाईच, पानी घ्या."

ठकुबाईने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "तुमास्नी कुनी कोंडून का घालत न्हाई वो कार्याच्या दिशी?"

"घातलं हुतं की," कुंडलिक म्हणाला.

दोन-चार जण हसले. सतरंजी आली, पाणी आलं. सगळं वऱ्हाड पुन्हा खाली टेकलं. आनंदराव नाक मुरडून लांब झाला. अंबूबाई तांब्या घेऊन फिरत होती. भावापाशी आल्यावर तिने पेला त्याच्या हातात दिला आणि तो पिईपर्यंत तिथून हलली नाही. त्याच्या हातावरची शितं तिने पदराने पुसली.

"फेटा आनलायस ना?" तिने हळूच विचारलं.

"हाय पिशवीत."

तिने स्वतः जाऊन तो आणला. बांधायला वेळ नव्हता, तसाच त्याच्या डोक्याला गुंडाळून दिला.

मंडळी उठली. नवरा मुलगा स्वरूप पाया पडायला वाकला. पालीला गडावर येणाऱ्यांसाठी त्याने तंबू टाकले होते, पाहुण्यांची नीट गणती ठेवायची त्याला सवय होती. वाकल्या वाकल्या तो म्हणाला, "मामा, म्या सा शिंका मोजल्या."

कुंडलिकने चटकन ठकुबाईकडे पाहिलं.

"घाबरू नगा. सुपारीनंतर आमी भोरला गेलो हुतो. दुकानातनं ही भाईर पडली आन् तीन. तवापास्नं ठावं हाय मला." तो सरळ झाला. "आज्जीला म्या बघतो."

वैष्णवीने मामाचा दंड धरला आणि गाडीपर्यंत सोडला नाही. मांडवात आणताना मामाने नवरीचा धरायचा असतो, तसाच घट्ट.

गाडी सुटली. माणसं डोळ्यांवर आडवे हात धरून थोडा वेळ बघत राहिली आणि मांडवात परतली, कारण समोरचं ऊन बघवत नव्हतं. कुंडलिकच्या तीन उरकल्या होत्या. तो रस्त्याच्या मध्यावर उघड्या डोळ्यांनी सूर्याकडे तोंड करून उभा राहिला. वळणाआधी गाडीच्या मागच्या काचेत पिवळं काहीतरी हललं. वैष्णवी मागे वळून बघत होती, हे त्याला स्वच्छ दिसलं.